सेलीनच्या घरातली थंड खोली

उत्तनची बस भाईंदर पश्चिमेहून निघाली की मी खिडकीबाहेर हात काढून बसते. वाऱ्यात गारवा आहे का, ते बघायला. कंडक्टर दर वेळी ओरडतो, मी दर वेळी हात आत घेते आणि मुर्ध्याच्या पुढे मिठागरं लागली की पुन्हा बाहेर काढते. माझा नवरा यतीन म्हणतो, मोबाइलवर तापमान दिसतं की! दिसतं ना. पण मोबाइलला टोनीची पाठ कुठे ठाऊक आहे?

टोनी माझा पेशंट. मी सुचेता, भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहते आणि घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. माझे बाकीचे पेशंट म्हणजे मीरा रोडला पूनम सागरमधल्या गुडघे धरलेल्या बायका. मी दाराबाहेर पडले की त्या व्यायाम बंद करतात आणि पुढच्या खेपेला मलाच विचारतात, फरक का पडत नाही हो? त्यांच्यासाठी माझी झोप कधी उडाली नाही. टोनीसाठी उडाली, आणि त्याच्याहून जास्त त्याच्या बायकोसाठी, सेलीनसाठी. ही गोष्ट तिचीच आहे.

सेलीन उत्तनची आणि उत्तनलाच दिलेली. दोन गल्ल्या ओलांडून सासरी आली एवढंच. बापाची बोट होती, नवऱ्याचीही बोट, त्यामुळे तिचा जन्म उघड्यावर, वाऱ्यात गेला. बोट किनाऱ्याला लागली की टोपल्या परसात आणायच्या, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि बांबूंना ताणून बांधलेल्या दोऱ्यांवर ती जोडी टांगायची. हात इतके सरावलेले की डोळे मिटूनही चुकणार नाहीत. आणि हे करताना ती गायची. आवाज फाटका, सूर मनाला येईल तो, लग्नातली गाणी आणि चर्चमधली गाणी सगळी एकाच चालीवर. हिच्या गाण्यामुळे आपल्या माशांवर कावळे बसत नाहीत, असं टोनी सगळ्यांना सांगायचा.

तिच्या घराचं दार दिवसा कधी बंद नसायचं. त्या गल्लीत कुणाचंच नसतं. भर दिवसा दार लावलेलं दिसलं की माणसं समजतात, एक तर घरात कुणी नाही, नाहीतर घरात भांडण आहे.

अडीच वर्षांपूर्वी बोटीवर स्वयंपाकाच्या गॅसनं पेट घेतला. खलाशांनी पाण्यात उड्या टाकल्या. टोनी पेटलेला सिलिंडर बोटीबाहेर ढकलायला थांबला. बोट वाचली, खलाशी वाचले, टोनीही वाचला, पण पाठ, छाती, दोन्ही दंड आणि मांड्या जळून गेल्या. पुढे एका खलाशानं मला सांगितलं, "मॅडम, एवडा जलला, पन त्यानं एकदा पन आवाज न्हाय दिला." तो हे कौतुकानं सांगत होता. मला ते ऐकून तेव्हाही धास्ती वाटली होती. जो माणूस दुखलं तरी बोलत नाही, त्याच्यावर उपचार करणं महाकठीण.

भाजलेल्या जागी पोटाची, पोटरीची कातडी काढून लावतात. जखम भरते, लोकांना वाटतं सुटला बिचारा. पण त्या लावलेल्या कातडीला घाम येत नाही. तुमचं आमचं अंग घाम गाळून थंड होतं. टोनीचं निम्म्याहून जास्त अंग घामच गाळू शकत नाही. त्यात त्या कातडीला गरम आणि गारही नीट कळत नाही. म्हणजे बाहेर उकाडा वाढला की हा आतून तापत जातो आणि तापतोय हे त्याचं त्यालाच उशिरा कळतं. हे मी सेलीनला पहिल्याच दिवशी सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं, उठली आणि एक चादर ओली करून घेऊन आली.

त्यानंतरचे दोन उन्हाळे ओल्या चादरींवर काढले. चादर वाळली की ओली, वाळली की ओली. टेबल फॅन लावायचा, तर तो गरम वाराच अंगावर फेकायचा. सेलीननं मासे सुकवणं सोडून दिलं. परसातले बांबू तसेच उभे राहिले. बोट भाड्यानं दुसऱ्याकडे गेली. ती दिवसभर टोनीच्या उशाशी बसायची आणि त्याच्या मानेला हात लावून बघायची, कारण मान तेवढी जळली नव्हती, तिथे खरं काय ते हाताला कळायचं. त्या दिवसांत मी तिला एकदाही गाताना ऐकलं नाही. एवढं करूनही दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात टोनी एका दुपारी बरळायला लागला आणि त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, या माणसाला थंड खोली पाहिजे. चैन म्हणून नाही, औषध म्हणून.

आता खोली थंड करायची तर कशी, यावर घरात रणकंदन. टोनीचा धाकटा भाऊ नेल्सन कुवेतला असतो. तो व्हिडिओ कॉलवर आला आणि त्यानं आपल्या तिथल्या घराचं छत आम्हाला फिरवून फिरवून दाखवलं. छताच्या वरून मोठमोठे पत्र्याचे बोगदे गेलेले, त्यातून प्रत्येक खोलीत गार हवा. "पूर्ण घराला करू वैनी," तो म्हणाला. "किचनला पन, हॉलला पन. मी पैसे पाठवतो. कॉन्ट्रॅक्टर बोलव, सगला सीलिंग खोल."

सेलीननं मोबाइल माझ्या हातात दिला. तिच्या घराला सीलिंग नव्हतंच, वर कौलं होती.

मी नेल्सनला म्हटलं, "अरे, ते बोगदे बसवायला महिना जाईल. भिंती फोडतील, खालून छत ठोकतील, सिमेंटची धूळ उडेल. टोनीला त्या धुळीत ठेवायचं कुठे? आणि थंड करायचाय एक माणूस, एका खोलीत. किचन थंड करून काय तिथे भात गार करायचाय?"

"मग विंडो एसी लाव," तो म्हणाला.

यावर टोनी पहिल्यांदा बोलला. पलंगावरूनच. "खिरकी न्हाय द्याची."

त्या खोलीला एकच खिडकी. तिच्यातून बंदरावर नांगरलेल्या बोटी दिसतात. समुद्रावर जाणं बंद झालं, तेव्हापासून टोनीचा सगळा दिवस त्या खिडकीत जायचा. कुणाची बोट किती वाजता निघाली, कुणाची उशिरा आली, सगळा हिशेब त्याच्याकडे. तिथे एसीचं खोकं बसवलं असतं तर खोली थंड झाली असती आणि टोनीला भिंतीकडे तोंड करून जगावं लागलं असतं.

म्हणून मग स्प्लिट एसी. थंड हवा देणारा भाग आत, भिंतीवर उंच. तापणारा, घरघरणारा भाग घराबाहेर. दोघांना जोडायला भिंतीत फक्त मूठभर भोक. मीरा रोडहून साहिल नावाचा मेकॅनिक आला. शिडी, ड्रिल, तांब्याच्या नळ्यांचं वेटोळं. टोनीला तेवढा वेळ पुढच्या खोलीत बसवलं. सकाळी सुरू झालेलं काम दुपारच्या जेवणाआधी संपलं. सेलीननं फरशीवरची धूळ एका सुपलीत भरली आणि ती सुपली मला आणून दाखवली. "एवरीच?" तिचा विश्वास बसत नव्हता.

बाहेरचा भाग साहिलनं परसातल्या भिंतीला कमरेच्या उंचीवर लावला. समुद्राच्या बाजूला लावला असता तर खाऱ्या वाऱ्यानं सडला असता, असं त्याचं म्हणणं. काम संपल्यावर त्यानं सेलीनला बजावलं, "आंटी, इसके सामने कुछ मत रखना. ये गरम हवा फेकता है, उसको रस्ता पाहिजे. रस्ता बंद केला तर मशीन बंद पडेल."

"न्हाय ठेवत," सेलीन म्हणाली.

टोनीला पुन्हा पलंगावर आणलं आणि साहिलनं यंत्र चालू केलं. पांढरी पट्टी वर झाली, तिच्यावर हिरव्या अक्षरांत चोवीस आकडा उमटला. आम्ही सगळेच आवाजाची वाट बघत राहिलो. आवाज आलाच नाही. पान सळसळावं इतकाच. टोनी छताकडे बघत म्हणाला, "चालू हाय?" आणि तेवढ्यात चर्चची घंटा खिडकीच्या काचेतून स्वच्छ ऐकू आली.

खरी पंचाईत पुढे होती, ती दाराची. खोली थंड ठेवायची तर दार लावायला पाहिजे आणि सेलीनला लावलेलं दार सोसेना. ती दर थोड्या वेळानं उघडून आत डोकवायची. बंद खोलीत माणसाचा जीव गुदमरेल असं तिला वाटायचं. शेजारच्या शर्लिननं गल्लीत सांगून टाकलं की टोनीच्या घरी आता साहेबी आली, दारं लावून बसतात. सेलीन मला म्हणाली, "बाय, मना भ्याव वाटतं. आत तो हाय का न्हाय ते कलत न्हाय." मी तिला चिडून म्हटलं, "अगं, दार उघडलंस की सगळा गारवा पळतो, मग कशाला बसवलं हे?" तिनं दार लावलं. पण तिची भीती मला समजत होती, कारण ती माझीसुद्धा होती. मी फक्त ती बसमध्ये उरकून येते.

हळूहळू मात्र त्या खोलीनं घर बदललं. टोनीला सलग झोप लागायला लागली. सकाळी ऊन चढायच्या आत तो ओट्यावर बसायचा, मग खोलीत. माझ्या व्यायामाला त्याचं अंग आता आखडत नव्हतं, कारण अंग तापलेलं नसलं की ओढलेली कातडी जरा ऐकते. वण फुगू नयेत म्हणून घट्ट दाबाचे कपडे दिवसभर घालावे लागतात, तेही त्याला सोसायला लागले. आणि सेलीनला उशाशी बसायचं कारण उरलं नाही. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली, बोटी पुन्हा जायला लागल्या आणि ऑक्टोबर उजाडता उजाडता मला एक दिवस परसात नव्या दोऱ्या ताणलेल्या दिसल्या. सेलीननं बोंबील घेतले होते. दोन वर्षांनी.

त्या दिवशी टोनीचा हात वर करून मी ताणत होते आणि भिंतीपलीकडून तो फाटका आवाज आला. लग्नातलं गाणं, चर्चची चाल. टोनीनं डोळे मिटले. मला वाटलं दुखलं म्हणून. मी हात सैल केला, तर तो म्हणाला, "वर्ती घे, वर्ती घे. दुकत न्हाय."

ऑक्टोबरचा उकाडा मला मेपेक्षा वाईट वाटतो. मे निदान सांगून येतो. त्या वर्षी त्यात ढगही आले. दुपार झाली की आभाळ काळं व्हायचं, थेंब पडायचे किंवा ते नुसतंच भिववायचं. बोंबील अर्धे सुकलेले असताना भिजले की त्यांना वास मारतो आणि सगळं वाया. गल्लीतल्या बायका दिवसभर आभाळाकडे बघत होत्या. शर्लिनचे दोन दोऱ्या भरून मासे फेकावे लागले. सेलीन मला म्हणाली, "दोन वर्सांनी हात लावला न् ह्यो पाऊस असा." तिचा चेहरा बघून मी माझी छत्रीसुद्धा पिशवीत खोल दडवली.

मग एका शुक्रवारी मी गेले, तेव्हा आभाळ गच्च आणि हवा जागच्या जागी थांबलेली. बसमधून काढलेल्या हाताला वारा लागलाच नाही. मी बंदराच्या रस्त्यानं जवळजवळ पळतच आले. घराशी पोचले तर परसातून सेलीनचं गाणं. जोरात, खुशीत. माझा जीव भांड्यात पडला. गाते आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

मी थेट खोलीत गेले, दार मागे लावून घेतलं. एसीची पट्टी वर होती, वारा येत होता, हिरवा चोवीस आकडा जागेवर होता. पिशवी ठेवली, हात पुसले आणि मग लक्षात आलं की मला घाम येतोय. वारा येत होता, पण तो गार नव्हता.

"टोनी," मी म्हटलं.

तो खिडकीकडे तोंड करून पडला होता. चेहरा लाल, ओठ कोरडे. उत्तर आलं, पण फार उशिरा आणि शब्द एकमेकांत अडकलेले. मी त्याच्या मानेला हात लावला. चटकाच बसला. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की गाणं मधेच तुटलं.

सेलीन आली ती माशांनी बुळबुळीत झालेल्या हातांनीच. टोनीला बघून दारातच थिजली. "चोवीस हाय ना," ती आकड्याकडे बोट दाखवत म्हणाली. "चोवीस हाय, मी बगून गेली. मी आता बगून गेली!"

"बर्फ आण!" मी ओरडले. "बर्फ कुठे आहे?"

कोळ्याच्या घरात बर्फ नसेल असं होत नाही. माशांच्या पेटीतला चुरा तिनं टोपलीनं आणला. बोंबलाचा वास मारणारा तो बर्फ आम्ही फडक्यांत बांधून टोनीच्या मानेला, काखेत, जांघेत ठेवला. घट्ट कपडे मी कात्रीनं कापले. अंगावर पाणी ओतलं, पुठ्ठ्यानं वारा घातला. शर्लिन आली, तिनं मुकाट्यानं दुसरा पुठ्ठा उचलला. तिच्या मुलाचा टेम्पो आणायला कुणीतरी धावलं. मी एका हातानं वारा घालत दुसऱ्या हातानं साहिलला फोन लावला.

"मॅडम, अंदर का हवा चालू है ना? वो तो चालूच राहणार. बाहरवाला बघा, बाहरचा पंखा फिरतोय का?"

"सेलीन, बाहेरचा पंखा बघ!"

ती हलली नाही. टोनीच्या छातीवर बर्फाचं फडकं दाबून तशीच बसून राहिली. रंग उतरलेला चेहरा माझ्याकडे वळवून म्हणाली, "बाय, मीच केलाय."

शर्लिनच्या हाती टोनी सोपवून मी परसात धावले. बाहेरच्या यंत्रासमोर दोन बांबू रोवले होते आणि त्यांच्यामध्ये बोंबलांच्या दोऱ्या, एकाखाली एक, दाट. पाऊस येईल म्हणून त्या सगळ्यावर निळी ताडपत्री. ताडपत्रीची टोकं भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली, खालून दगड लावलेले, गरम हवेचा कणसुद्धा वाया जायला नको म्हणून. यंत्र त्या तंबूत कोंडून घेतलेलं आणि पंखा थांबलेला. मी ताडपत्री ओढली, तर भट्टीचं झाकण काढल्यासारखी वाफ अंगावर आली. बोंबील मात्र खडखडीत सुकले होते.

झालं होतं ते असं. भिजलेले मासे सुकवायला सेलीनला वारा मिळत नव्हता आणि तिच्याच भिंतीतून दिवसभर कोरडा, गरम वारा बाहेर पडत होता. साहिलचं सांगणं तिला आठवत होतं. म्हणून पहिल्या दिवशी तिनं एकच दोरी लावली, लांबवर. खोली थंडच राहिली. मग दुसरी लावली, जरा जवळ. तरी काही झालं नाही. वारा फुकट जाऊ देणं तिच्या रक्तातच नाही. त्या शुक्रवारी आभाळ भरून आलं तशी ताडपत्री घातली. यंत्र आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा गिळत राहिलं आणि शेवटी थकून थांबलं. आतला वारा चालूच राहिला, आकडाही. तो आकडा म्हणजे आपण मागितलेली थंडी, मिळालेली नव्हे. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं दारातून आकडा बघितला होता.

टेम्पो येईपर्यंत टोनीची मान थोडी निवली. डोळे फिरायचे थांबले. डोंगरी, मोर्वा, राई अशी गावं मागे टाकत आम्ही भाईंदरला दवाखान्यात पोचलो. सगळा रस्ताभर सेलीन त्याच्या डोक्याशी बर्फाची टोपली घेऊन बसली होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "बोल रे. काय पन बोल." मी तिच्यावर चिडलेली होते. फार चिडलेली होते. एका टोपली बोंबलासाठी नवरा घालवत होतीस, हे माझ्या जिभेच्या टोकावर होतं. तिचे हात बर्फानं निळे पडलेले दिसले म्हणून गिळलं.

टोनी वाचला. डॉक्टर म्हणाले, बर्फ वेळेवर लावला म्हणून निभावलं, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. दोन दिवसांनी त्याला घरी सोडलं. तोवर सेलीननं परसातले बांबू उपटून टाकले होते. सुकलेले बोंबील तिनं कुणाला न विचारता समुद्रात टाकले.

घरी आल्यावर मी टोनीला बसवून विचारलं, कारण मला राहवत नव्हतं. "त्या दिवशी तुमच्या अंगाला कळलं नसेल, मान्य. पण कानाला? ते यंत्र बंद पडलं ते तुम्हाला कळलं नाही?"

सेलीन दारात उभी होती. टोनी खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कलला. भिंतीला ते जरा हालतं ना, ते थांबलं. घंटा-दीड घंटा झाला असंल."

"मग? हाक का नाही मारली? ती भिंतीपलीकडे होती! एवढी जवळ!"

"ती गात होती," टोनी म्हणाला.

 सेलीन आत आली. दोन वर्षं ज्या अंगाला तिनं फुलासारखं जपलं, त्या अंगाला हात न लावता तिनं पलंगाच्या लोखंडी दांड्यावर मूठ आपटली.

"माज्या गान्याला आग लाव!" ती ओरडली. "तू मेला असता तर मी कोनाला गानार होती? बोटीवर पन न्हाय वरडला, हितं पन न्हाय वरडला. तुला काय वाटतं, तू गप राहून मना सुख देतो? मना तुजा आवाज पायजे. शिवी दे, पन आवाज दे!" आणि मग ती खाली बसून रडायला लागली. टोनीनं खिडकीकडची मान तिच्याकडे वळवली. मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि तिथे माझं रडून घेतलं.

पुढच्या आठवड्यात साहिल येऊन यंत्र तपासून गेला. त्याच्या मागे लागून मी भिंतीवर एक साधं तापमान दाखवणारं घड्याळ लावून घेतलं, मागितलेलं नव्हे, खरं तापमान दाखवणारं. बाहेरच्या यंत्रासमोर सेलीननं चुन्यानं मोठा चौकोन आखला. त्यात मांजरसुद्धा बसलेलं तिला चालत नाही. शर्लिननं एकदा चुकून तिथे बादली ठेवली, तर सेलीननं ती बादली थेट तिच्या अंगणात भिरकावली.

मासे ती पुन्हा कधी घेणार नाही असं मला वाटलं होतं. नेल्सननंही फोनवर सांगितलं, वैनी, सोडून दे, मी आहे. पण नाताळाच्या आधी एकदा मी गेले, दार उघडलं आणि मागे सरकले. थंड खोलीत, टोनीच्या पलंगाशेजारी, सेलीन फरशीवर पाय पसरून बसली होती. समोर टोपली, मांडीवर जुनी गोणी. सुक्या बोंबलांची डोकी-शेपट्या काढून जुड्या बांधत होती. बंद खोलीत तो वास असा भरला होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, इथे?" मी म्हटलं.

"मग कुटं? सुकवाचा परसात, लांब, उनात. निवडाचा हितं." तिनं मान वर केली नाही. "थंडीत हात पन चालतो."

दार आता ती स्वतःच आतून लावून घेते. गल्ली काय म्हणायचं ते म्हणते. मी नाकाला रुमाल लावून टोनीचे हात ताणते, ती खाली बसून निवडते आणि गाते. आणि गाता गाता, ओळ अर्धी असली तरी, थांबून विचारते, "टोनी?"

टोनीनं उत्तर द्यायचं, "हाय."

त्याशिवाय ती पुढची ओळ घेत नाही. हा नियम तिनं दवाखान्यातून आल्यावर घालून दिला. टोनी सुरुवातीला वैतागला. डोळे मिटून पडलेला असला तरी हाक, खिडकीतून बोटी बघत असला तरी हाक. एकदा मुद्दाम बोलला नाही, तर ती टोपली लाथाडून उठली आणि त्याच्या मानेला हात लावून उभी राहिली. तेव्हापासून तो चुकवत नाही. रागानं म्हणतो, पण म्हणतो.

मी अजून बसमधून हात बाहेर काढते. मार्च लागलाय, मिठागरांवरून येणारा वारा आत्ताच पोळतो. परवा मी गेले तेव्हा भिंतीवरचं घड्याळ बघितलं, बाहेरचा पंखा बघितला, चुन्याचा चौकोन बघितला, मग टोनीच्या पाठीला तेल लावायला घेतलं. सेलीन खाली बसून एका लांबलचक गाण्यात शिरली होती. तिच्या बहिणीच्या लग्नातलं होतं म्हणे. एक कडवं झालं, दुसरं झालं, हात भराभर चालले होते आणि चेहरा कुठेतरी दूर गेला होता. हाक मारायचं ती विसरली. माझ्या लक्षात आलं, पण मी तिला आठवण केली नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आता काय होईल याची.

माझ्या हाताखाली टोनीची पाठ जराशी ताठ झाली. त्यानं उशीवरून मान वळवली, घसा खाकरला आणि गाणं मधेच तोडत, कुणी न विचारता, मोठ्यानं म्हणाला,

"सेलीन. हाय गो मी."